रिकामा पाळणा

१

मुंबईच्या नाताळात मिरवायला निघालेलं बाळ वेंगुर्ल्याच्या बोटीवर चढण्याआधीच सावंतवाडीतून नाहीसं झालं, आणि चोराने त्याच्या जागी दगड निजवून ठेवला.

ही बातमी आली तेव्हा मी दाढी करत होतो. चितारआळीतल्या भिकाजी चितारींचा शिष्य सत्यवान ओट्यावर धापा टाकत उभा राहिला. "भाईनु, बेगीन चला. कोणीतरी बाळ चोरल्यान! मुंबयचे सामंत पोलिसांका बोलवतंय म्हणतत. काका म्हणतत, आधी भाई वकिलाक हाडा."

मी अर्ध्या दाढीनेच निघालो. वकिली बेताची चालत असली की दुसऱ्यांच्या भानगडीत नाक खुपसायला भरपूर वेळ मिळतो. गावात माझं नाव होतं ते कोर्टातल्या कामापेक्षा या नाक खुपसण्यासाठीच जास्त.

साल एकोणीसशे अठ्ठावन्न. फोर्टातल्या एका बड्या दुकानाने भिकाजीला नाताळचा गोठा करायला सांगितला होता. येशूच्या जन्माचा देखावा, त्याला आमच्याकडचे ख्रिस्ती लोक गोठो म्हणतात. आई, बाप, मेंढपाळ, गाय, गाढव आणि मधे बाळ, सगळी चित्रं, म्हणजे मूर्ती, पांगाऱ्याच्या लाकडाची. बाळ खऱ्या बाळाएवढं. दुकानाचे सामंत महिनाभर येऊन जाऊन होते. नाताळात मुंबई बघायला कुठून कुठून लोक येतात, विजेच्या दिव्यांचं झाड बघायला कशा रांगा लागतात, लाल डगल्यातला म्हातारा पोरांना गोळ्या कसा वाटतो, हे ते आम्हाला रंगवून रंगवून सांगत. यंदा त्या सगळ्यांत आपला गोठा! चितारआळीतल्या निम्म्या घरांचे रंधे गंजत पडले होते. गोठा मुंबईकरांच्या डोळ्यांत भरला तर सगळी आळी पुन्हा कामाला लागणार होती. न भरला, तर सामंत पुढल्या वर्षी प्लास्टरची चित्रं घेणार होते.

कारखान्यात शिरलो तर भिकाजी मुंबईला धाडायच्या खोक्याशेजारी खाली बसलेला. साठीचा, ताठ कण्याचा माणूस, पण त्या सकाळी त्याच्याकडे बघवेना.

"घरचोच कोणीतरी आसा, भाई," तो म्हणाला. "कुलूप शाबूत आसा. ज्येका हाताक धरून शिकवलंय, तेणांच माझो गळो कापल्यान."

२

खोक्यातलं गवत मी दोन्ही हातांनी बाजूला केलं. गोठ्यातला पाळणा दिसला.

हो, पाळणाच. येशूला गव्हाणीत निजवलं होतं हे आम्हाला इनासने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. इनास हा आरोंद्याचा ख्रिस्ती सुतार. गोठा कसा असतो ते भिकाजीला ठाऊक नव्हतं, म्हणून त्याला मुद्दाम मदतीला घेतलेला. पण भिकाजी ऐकेना. "देवाक गुरांच्या गव्हाणीत खंय निजवतंत रे?" म्हणून त्याने चांगला कोरीव, दोरीने हलणारा पाळणा केला. इनासने कपाळाला हात लावला, पण सामंतांना तो इतका आवडला की त्यांनी वर एक युक्ती काढली. दोरी काचेबाहेर आणायची. बघायला आलेल्या प्रत्येकाने एकदा ओढायची आणि बाळाला झोका द्यायचा. मुंबईत असलं कुणी पाहिलंच नसेल, असं ते म्हणाले.

त्या पाळण्यात एक लांबट गुळगुळीत दगड होता. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला. तुकड्याचं एक टोक खालून वर दुमडलेलं, बाकीची दोन बाजूंनी आत खोचलेली.

"बघा, चोर किती बिलंदर," सामंत म्हणाले. "वजन कमी लागू नये म्हणून दगड, आणि तो वाजू नये म्हणून फडकं. मी वरूनच तपासलं असतं तर थेट मुंबईला दगड पोचला असता. वकीलसाहेब, उद्या दुपारी बोट आहे. आज संध्याकाळपर्यंत बाळ मिळालं नाही तर मी ह्या इनासला चौकीवर देणार आणि गोठा इथेच सोडून जाणार."

"इनासच का?"

"त्याचं आणि भिकाजींचं बाळावरून वाजलं होतं. सगळ्या आळीने ऐकलंय."

मी इनासला बाजूला घेतलं. तो रागाने लाल झाला होता.

"वाजला, ता खरां," तो म्हणाला. "बाळाचो डावो कान वरसून दुमडलेलो. मी म्हटलंय, भिकाजी, येशूचो कान असो कित्याक? पटाशी मार, सरळ कर. तर माझ्या अंगार धावलो. म्हणता, त्या कानाक हात लावलंस तर हात तोडीन. बाकी माका तेचां बाळ कित्याक व्हया? आमी तर चोवीस तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत गोठ्यात बाळ ठेवनवच नाय. तोपर्यंत जागा रिकामीच. ह्या पण सांगलंय सामंतांका, पण तेंच्या दुकानाक पहिल्या दिवसापासून बाळ व्हया."

"आमचं दुकान आहे, देऊळ नव्हे," सामंत लांबूनच म्हणाले.

मग सत्यवान. रस्त्याकडच्या दाराच्या किल्ल्या दोनच होत्या, एक भिकाजीच्या कमरेला, दुसरी त्याच्याकडे. शिवाय त्याने सामंतांशी गुपचूप बोलणं लावलं होतं. पुढल्या वर्षीचं काम मला द्या, मी वेगळा कारखाना काढतो, असं. हे सामंतांनीच मला सांगितलं, आणि सांगताना त्यांचा चेहरा मुळीच शरमलेला नव्हता.

"खरां काय रे, सत्या?" भिकाजीने विचारलं.

सत्यवान मान खाली घालून उभा राहिला. "बोललंय, काका. पण बाळाक हात नाय लावलंय. रवळनाथाची शपथ."

 भिकाजीने हातातली कानस खाली ठेवली, तीही आवाज न करता.

मी खोलीभर नजर फिरवली. कारखान्याला दुसरं दारही होतं, घरात उघडणारं. त्याला कुलूप नव्हतं, नुसती कडी.

"आणि ह्यां दार?"

"ह्यां माझ्याच घराचां दार," भिकाजी चिडून म्हणाला. "थय मी आणि माझां चेडू. तेचो विचार कित्याक करतास?"

मलाही ते पटलं. आता लिहिताना माझं मलाच हसू येतं, पण तेव्हा पटलं.

३

दुपार झाली म्हणून भिकाजीने मला जेवायला बसवलं. बायको वारल्यापासून घर त्याची लेक सीताच बघत होती. सीता मिठबावला दिलेली, नवरा मुंबईत गिरणीत. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, मुलगा झाला, आणि शिमग्याच्या सुमारास तापाने गेला. तेव्हापासून ती सासरी गेलेली नव्हती. मुलगा मी काही पाहिला नव्हता. आपण पुरुष माणसं बारशाचे पेढे खातो, बाळ बघायला मात्र बायकोला पाठवतो.

पानात वरणभात आणि तळलेला बांगडा. मी आपला कालवणाची वाट बघत बसलो. खोबऱ्याच्या वाटपाशिवाय या घरात कधी पान वाढलं गेलं नव्हतं.

"आज वरणारच भागवा, भाईनु," सीता म्हणाली. "वाटप करूक जमला नाय."

"जमतला कसां?" भिकाजी म्हणाला. "सकाळपासून घरात ह्यो इस्कोट. तिचो पण जीव थाऱ्यार नाय."

ती भात वाढायला वाकली. डोक्यावरचा पदर मागे सरला, तो तिने हाताने सावरला. तिचा कान वरून जरा दुमडलेला होता. मी पाहिला आणि पुढचा घास घेतला. डोळ्यांसमोर सगळं मांडलेलं असतं आणि आपण बांगड्याचे काटे काढत बसतो.

जेवून पुन्हा कारखान्यात गेलो. सत्यवान म्हणाला होता की दगड रंग घोटायचा असणार, म्हणजे संशय कारखान्यातल्याच माणसांवर. पण रंग घोटायचा दगड कोपऱ्यात जागच्या जागी होता, निळाजांभळा माखलेला. पाळण्यातला दगड मी नाकाशी नेला. त्याला रंगाचा वास नव्हता. वास होता हळदीचा आणि मिरचीचा.

मग मी तो दगड एका हातात घेतला आणि दुसऱ्या हातात लाकडी मेंढराचं पोर. पांगारा म्हणजे कापसाचा भाऊ. दगड कितीतरी जड होता. वजन सारखं दिसावं म्हणून ठेवलेला दगड वजनाने असा उघड चुकीचा कसा? चितारआळीतल्या चोराला पांगाऱ्याचं वजन ठाऊक नसेल असं होईल का?

सामंत घड्याळ बघत बसले होते. इनास उंबऱ्यावर बसून होता आणि रस्त्यावरची माणसं त्याच्याकडे बोट दाखवून जात होती.

४

डोकं चालेना म्हणून मी घरी आलो. शेजाऱ्यांकडे दुसऱ्या दिवशी बारसं होतं आणि पाळणा आमच्या घरून जायचा होता. माझ्या बायकोने, मथुराने, तो पुसून, फुलं बांधून पडवीत टांगला होता. मी त्याच्याशेजारी बसलो आणि विचार करता करता पायाने झोके देऊ लागलो.

मथुरा आतून धावतच आली आणि तिने दोरी घट्ट धरली.

"अहो, काय करतास ह्यां? रिकामो पाळणो हलवतंत? पोराक बाधता! एवढे म्हातारे झालास, तुमका कळणा नाय?"

"मेलो, चुकलंय," मी म्हणालो.

ती पुटपुटत आत गेली आणि स्वयंपाकघरातून वरवंटा घेऊन आली. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात तिने तो ठेवला, एक टोक खालून वर दुमडलं, दोन बाजूंनी आत खोचली, आणि हलक्या हाताने पाळण्यात निजवला. बारशाला तर आधी वरवंटाच निजवतात, माझ्या स्वतःच्या पोरांच्या वेळी मी ते पाहिलेलं होतं. पण पाहिलेलं आठवेल तर तो नवरा कसला!

मी उठून उभा राहिलो.

चोराने दगड कुणाला फसवायला ठेवलेलाच नव्हता. त्याला फक्त पाळणा रिकामा सोडता आला नव्हता. बाळ उचललं, पाठ फिरवली, आणि पाय निघेना. म्हणून स्वयंपाकघरात जाऊन वरवंटा आणला, बाळाला गुंडाळतात तसा गुंडाळला आणि निजवला. इनासने असं केलं नसतं, त्याच्या लोकांत चोवीस तारखेपर्यंत बाळाची जागा रिकामीच असते. सत्यवानाने केलं नसतं, त्या ब्रह्मचाऱ्याला बाळाला गुंडाळतात कसं हेच ठाऊक नाही. वरवंटा घरातला होता, दार घरातलं होतं, आणि त्या घरात आज वाटप नव्हतं, कारण वाटायला वरवंटाच नव्हता.

आणि तो दुमडलेला कान.

चोर मिळाला याचा आनंद मला अजिबात झाला नाही. 

५

मी मागच्या दाराने गेलो. सीता रिकाम्या पाट्यासमोर बसली होती.

"सीता," मी म्हणालो, "वरवंटो हाडून देव काय?"

तिने माझ्याकडे पाहिलं. रडली नाही, नाकबूलही गेली नाही. उठली, माळ्यावर चढली आणि घोंगडीत गुंडाळलेलं बाळ घेऊन खाली आली. मांडीवर घेऊन बसली तेव्हा मी ते पहिल्यांदाच नीट पाहिलं. हसायच्या बेतात असलेलं तोंड, आणि डावा कान वरून दुमडलेला.

"तुझो झील," मी म्हणालो.

"भाईनु, तुमी वकील," ती म्हणाली. "माका एक सांगा. माझो झील गेलो, तेव्हा मी बाबांच्या पाया पडलंय. म्हटलंय, माका तेचां तोंड करून देवा. लाकडाचां चलात, लहान असला तरी चलात. माझ्याकडे तेचो फोटो नाय, काय नाय. बाबा म्हणाले, मेलेल्या पोराचां तोंड घरात ठेवचा नाय. घराक वायट. मी गप रवलंय. आणि काल बाळाक लुगड्याचो तुकडो व्हयो म्हणान माका कारखान्यात बोलावल्यानी. मी खोक्यात बघतंय तर माझोच झील! मुंबयक जातासा! रस्त्यावरची माणसां दोरी ओढून तेका हलवतली. आता सांगा, चोरी कोणी केल्यान?"

 

दाराशी सावली पडली. भिकाजी उभा होता. किती ऐकलं होतं कोण जाणे. तो बाळाकडे बघत राहिला, मग लेकीकडे.

"सीता," तो म्हणाला. "मी मुद्दाम नाय केलंय. हात चालता चालता तोच इलो. दुसरां तोंड माझ्या हातात येयनाच. वाटला, निदान चार माणसां बघतली तेका. मुंबयत बघतली."

"माका नाय म्हणालास," सीता म्हणाली. "मुंबयक हां म्हणालास."

इतकंच. आवाजही चढवला नाही. सकाळपासून ज्याला त्याला विश्वासघातकी म्हणणारा भिकाजी तिथल्या तिथे खाली बसला. मला त्याची दया आली आणि रागही आला. दोन्ही एकदमच आलं.

६

सामंतांशी बोलायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी त्यांना एवढंच सांगितलं की बाळ चोरीला गेलेलं नाही, ते ज्याचं त्याच्याकडे आहे आणि मुंबईला येणार नाही. ते उसळलेच. तेव्हा मी इनासचा हात धरून त्याला पुढे केलं.

"साहेब, हा सांगतो ते जरा नीट ऐका. खऱ्या गोठ्यात चोवीस तारखेपर्यंत बाळ नसतंच. गोठा उद्या न्या. पाळणा मात्र इथेच राहू द्या आणि गव्हाण न्या, इनास रातोरात ठोकून देईल. बाळ मागाहून येईल. चोवीसच्या संध्याकाळी सगळ्या गर्दीसमोर ते गव्हाणीत ठेवा."

 सामंतांचे डोळे चमकले. "म्हणजे महिनाभर रिकामी जागा! लोक विचारतील, बाळ कधी येणार? आपण पाटी लावू, बाळ चोवीसला! वकीलसाहेब, अख्खी मुंबई लोटेल हो!"

मघाशी चौकीवर द्यायला निघाले होते त्याच इनासच्या पाठीवर त्यांनी थाप मारली. माणसं अशी असतात. इनासने तो हात खांद्यावरून झटकला, पण काम घेतलं.

"भिकाजी, तू बाळ करशीत काय?" त्याने विचारलं.

भिकाजीने नकारार्थी मान हलवली. "माझ्या हातातसून तोच येतलो. तू कर."

दोन दिवसांनी सीता मिठबावला सासरी गेली. एसटीच्या खिडकीत बसली होती, मांडीवर घोंगडीचं गाठोडं. भिकाजी खाली उभा होता. गाडीत चढण्याआधी ती बापाच्या पाया पडली होती, पण तिने त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. गाडी सुटताना एवढंच म्हणाली, "वरवंटो जाग्यार ठेयलंय."

नाताळात मी खास मुंबईला गेलो. फोर्टात त्या दुकानासमोर चालायला जागा नव्हती. कोल्हापूरचे लोक, पुण्याचे लोक, गोव्याहून आलेले, कडेवर पोरं घेतलेल्या बायका. चोवीसच्या संध्याकाळी बँड वाजला, लाल डगल्यातल्या म्हाताऱ्याने इनासचं बाळ गव्हाणीत ठेवलं आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. पुढल्या वर्षीचं काम तिथल्या तिथे ठरलं. चितारआळी वाचली.

परत आल्यावर सांगायला गेलो, तर कारखान्यात सगळे रंधे चालू होते. सत्यवानसुद्धा तिथेच होता. वेगळ्या कारखान्याची गोष्ट त्याने पुन्हा काढली नव्हती, आणि भिकाजीही त्याला ती विचारत नव्हता. भिकाजी कोपऱ्यात एकटा बसून काहीतरी कोरत होता.

"कसो दिसता तो?" त्याने विचारलं. "इनासचो बाळ?"

"बरो दिसता."

"कोणासारखो?"

"कोणासारखोच नाय," मी म्हणालो.

"बरां झालां," भिकाजी म्हणाला.

त्याच्या पुढ्यात लाकडी आंबे, केळी, काजूची बोंडं ओळीने मांडलेली होती. एवढ्या मोठ्या कारागिराने फळं करत बसावं याचं मला नवल वाटलं. गाय नाही, मोर नाही, राजाराणी नाही. मी तसं विचारलं.

त्याने हातातला आंबा उलटसुलट करून पाहिला आणि बाजूला ठेवला.

"फळांच बरी, भाई," तो म्हणाला. "फळांका तोंड नसता."